एकशे सत्तेचाळीस नंबरच्या फोटोतलं पोर

"मग खोटं लिहायचं का, गुरुजी?" दिवाकररावांनी विचारलं.

हुसेन गुरुजी वाडग्यात गव्हाची खळ ढवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"खोटं लिही असं कोण म्हणालं?"

"तुम्ही लिहिलं होतं. एकशे सत्तेचाळीस नंबरच्या फोटोपुढे. 'किसना, सरुबाईंचा भाऊ.' मी ते खोडलं. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी धड बोलत नाही."

"मी कमीच बोलतो रे."

"माझं चुकलं असेल तर तसं सांगा."

"तुझं चुकलेलं नाही."

"मग?"

गुरुजींनी खळीतली एक गाठ बोटाने फोडली.

धामणखेड हे वऱ्हाडातलं कापसाचं गाव. तिथलं जिनिंग बंद पडून चाळीस वर्षं झाली. यंत्रं भंगारात गेली, पत्रे उडाले. गाड्या तोलायचं काटाघर तेवढं शाबूत राहिलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर हुसेन गुरुजींनी ते नगरपालिकेकडून मागून घेतलं, आतला पालापाचोळा झाडला आणि गावातल्या जुन्या वस्तू तिथे मांडल्या. सरकी काढायचा लाकडी रेचा. रस्त्यावरच्या दिव्याचा कंदील. गावातली अर्धी माणसं जिच्या हातून जन्मली त्या सुईणीची पत्र्याची पेटी. बाहेर पाटी लावली, 'धामणखेड वस्तुसंग्रहालय'. लोक मात्र काटाघरच म्हणत.

दिवाकर अढाऊ हे गुरुजींचे चौथीचे विद्यार्थी. शहरातल्या कॉलेजात त्यांनी चौतीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त होऊन गावी आले आणि पहिल्याच आठवड्यात काटाघरात येऊन म्हणाले,

"गुरुजी, मला काम द्या."

गुरुजींनी त्यांच्या हातात फडकं दिलं.

दिवाकररावांना ते आवडलं नाही. पण त्यांनी पुसलं. महिनाभर पुसलं. मग हळूहळू नोंदवही त्यांच्या ताब्यात आली.

वही त्यांच्या हातात येताच काटाघराला शिस्त आली हे खरं. प्रत्येक वस्तूला नंबर पडला. शाळेच्या सहली येत, तेव्हा पोरं त्यांच्यामागून रांगेने फिरत. कुणी म्हणालं, ही तलवार अमक्या सरदाराची, की दिवाकरराव विचारत, "पुरावा?" पुरावा नसला की ते वाक्य तिथेच संपे. वर्गातही ते हेच सांगत आले होते. ज्याची नोंद नाही, ते उरत नाही.

त्याच सुमारास गावातला एक फोटो स्टुडिओ मोडला. माळ्यावर काचेच्या निगेटिव्हची खोकी निघाली. दोनशे बारा काचा. गुरुजींनी त्या छापून घेतल्या. फोटोंत माणसं होती आणि ती कोण ते कुणाला ठाऊक नव्हतं.

गुरुजींनी एक काम काढलं. दर रविवारी सकाळी काटाघरात दोऱ्या बांधायच्या, कपड्यांचे चिमटे लावून त्यांवर फोटो टांगायचे आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलवायचं. ओळखता का, एवढंच विचारायचं.

म्हातारे आले. काठ्या टेकत आले, नातसुनांचा हात धरून आले. कुणाला आजोबा सापडले, कुणाला सासरा. एकाला स्वतःचं बारसं सापडलं. दिवाकरराव टेबलाशी बसून लिहीत. ओळखलेल्याचं नाव, ओळखणाऱ्याचं नाव, पुरावा. त्या रविवारांवर त्यांचा जीव होता. हे इथे सांगायला हवं, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना दगड समजेल.

सरुबाई वानखडे तिसऱ्या रविवारी आली. त्र्याऐंशी वर्षांची. जन्म जिनिंगच्या मागच्या मजुरांच्या खोल्यांत झालेला, लग्न शेजारच्या खोलीत. चार दोऱ्या तिने नुसत्या पाहिल्या. पाचव्या दोरीशी थांबली.

जिनिंगच्या आवारातला, कसल्याशा समारंभाचा फोटो होता. पुढे खुर्च्यांवर फेटेवाले. मागे मजूर. डाव्या कोपऱ्यात तीन-चार वर्षांचं एक पोर, सदऱ्याचं टोक तोंडात धरून दुसरीकडेच पाहणारं.

"हा किसना," ती म्हणाली.

"कोण किसना?" गुरुजींनी विचारलं.

"माहा भाऊ. पाठचा." तिने फोटोला बोट लावलं नाही. वीतभर लांबून दाखवलं. "सदऱ्याचं टोक चघळे तो. माय मारे त्याले. तरी चघळे."

"त्याचा चेहरा गेलता मनातून," ती म्हणाली. "लई वर्सं झाली. डोये मिटून बसो, पन येत नव्हता. आज सापडला."

गुरुजींनी तिच्यासाठी स्टूल आणून ठेवलं. ती बसली. तासभर बसली आणि उठून गेली.

त्या दिवशी दिवाकरराव लग्नाला गेले होते. वहीत नोंद गुरुजींनी केली. पेन्सिलीने.

पुढचे चार रविवार ती आली. कुणाशी बोलायची नाही. पाचव्या दोरीसमोर स्टूल ओढायची, पदर सारखा करायची आणि बसायची.

दिवाकररावांना ती नोंद टोचत होती. त्यांनी भिंग घेतलं. फोटोत जिनिंगला एकच धुराडं होतं. दुसरं केव्हा उभं राहिलं ते नगरपालिकेच्या कागदांत सापडलं. काचेच्या कडेला फोटोग्राफरने खिळ्याने आकडा कोरला होता, त्याची वहीही मिळाली. जिनिंगचं उद्घाटन, साल एकोणीसशे एकोणतीस.

पुढच्या रविवारी ते सरुबाईजवळ गेले. आठ-दहा माणसं होती तिथे.

"बाई, तुमचं मतदान कार्ड आहे का?"

तिने कमरेची पिशवी सोडली. कार्ड काढून दिलं.

"यावर जन्मसाल तेहेतीस आहे. बरोबर?"

"असन. मास्तरनं लिवलं."

"भाऊ तुमच्यापेक्षा लहान?"

"चार वर्सानं."

"हा फोटो एकोणतीस सालचा आहे. म्हणजे तुमच्या जन्माच्या चार वर्षं आधीचा. तुमच्या भावाच्या आठ वर्षं आधीचा." दिवाकररावांनी भिंग पुढे केलं. "हे धुराडं पाहा. एकच आहे. तुम्ही लहान होता तेव्हा दोन होती. आठवतात?"

"दोन व्हती."

"मग हा तुमचा भाऊ कसा असेल?"

ती कार्डाकडे पाहत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. मग फोटोकडे पाहिलं.

"बाई?"

"तुमी म्हनता तं नसन," ती म्हणाली. "मंग हा कोन?"

"अज्ञात."

"म्हंजे?"

"म्हणजे माहीत नाही."

"कोनाचं तरी असन ना."

दिवाकररावांनी टेबलाशी जाऊन पेन्सिलीची नोंद रबराने खोडली. वरचा रबराचा भुसा फुंकला आणि लाल शाईने लिहिलं, अज्ञात.

सरुबाईने स्टूल उचलून स्वतःच भिंतीशी ठेवलं. कार्ड पिशवीत घातलं, पिशवी कमरेला बांधली. त्याला बराच वेळ लागला. कुणी मदत केली नाही. कुणाला कुठे पाहावं ते कळत नव्हतं.

ती पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तिसऱ्या रविवारी, लोक यायच्या आधी, दिवाकररावांनी तो प्रश्न विचारला. खोटं लिहायचं का.

गुरुजींनी खळीची काठी वाडग्याच्या कडेवर निथळत ठेवली.

"फोटो एकोणतीसचाच आहे," ते म्हणाले. "ते पोर तिचा भाऊ नव्हे. मीही धुराडं मोजलं होतं."

"केव्हा?"

"पहिल्याच दिवशी."

दिवाकररावांना राग आला. "माहीत असून लिहिलं?"

"पेन्सिलीनं लिहिलं."

"पेन्सिलीनं लिहिलेलं खोटं खोटं नसतं का?"

"असतं."

"मग कशाला लिहिलं, गुरुजी?"

"खोडायला वेळ मिळावा म्हणून."

उत्तर दिवाकररावांना पटलं नाही. पण त्या दिवशी त्यांचं नोंदवहीत लक्ष लागलं नाही. दोनदा त्यांनी एकाचं नाव दुसऱ्याच्या रकान्यात लिहिलं.

मंगळवारी ते सरुबाईच्या घरी गेले.

हिवाळ्याचे दिवस होते. ती ओसरीवर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. सुनेने खुर्ची आणून टाकली, पाणी दिलं आणि आत गेली.

"मावशी," दिवाकरराव म्हणाले. आधी ते बाई म्हणत असत. "मी पुन्हा तपासलं. फोटोग्राफरच्या वहीत चूक असू शकते. तारखा चुकतात. तो तुमचा किसना असू शकतो."

तिने शेंग सोलली. दाणे टोपलीत टाकले.

"गुरुजीनं पाठवलं?"

"नाही."

"मंग खोटं काऊन बोलता सायेब? तुमाले येत नाई ते."

दिवाकररावांनी खाली पाहिलं. पेला हातात होता, तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना.

"त्या दिसी तुमी खरं बोलले," ती म्हणाली. "राग नाई आला मले. आज येऊन राह्यला."

"मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"आयका." तिने टोपली बाजूला सारली. "फोटो पाह्याच्या आंधी मले किसनाचा चेहरा आठवत नव्हता. फोटो पाह्यला, वाटलं हाच. आता किसनाले आठवाले गेली का ते फोटोतलं पोरगं येते समोर. दुसऱ्याचं लेकरू. ते हालत नाई तिथून. माहा भाऊ त्याच्या मांगं गेला." तिने टोपली पुन्हा पुढे ओढली. "आंधी नुसतं अंधारलेलं व्हतं. तेच बरं व्हतं."

दिवाकरराव उठले. नमस्कार केला की नाही ते त्यांना पुढे आठवलं नाही.

काटाघरात येऊन त्यांनी हे सगळं गुरुजींना सांगितलं. गुरुजी सुईणीच्या पेटीवरची निघालेली कागदी पट्टी चिकटवत होते. सांगून झालं तरी त्यांचा अंगठा त्या पट्टीवर दाबलेलाच राहिला.

"हे माझ्या लक्षात आलं नव्हतं," ते म्हणाले.

"चूक माझी आहे, गुरुजी."

"तू खोडलंस. तिच्या हाती ते दिलं मी." त्यांनी अंगठा उचलला. पट्टी पुन्हा निघाली. "तिला बरं वाटतंय असं समजून पाच रविवार मी तिकडे बघत बसलो. म्हातारपणी माणसाला आपण फार दयाळू आहोत असं वाटायला लागतं."

"आता काय करायचं?"

"किसना कसा होता रे?"

"कसा म्हणजे?"

"तू तिच्याशी दोनदा बोललास. धुराड्याचं विचारलंस, सालाचं विचारलंस. पोर कसं होतं ते विचारलंस?"

"नाही."

"मीही नाही विचारलं." गुरुजींनी खळीचं बोट फडक्याला पुसलं. "मला तो चढ चढवत नाही आता. तू जा."

दिवाकरराव दोन दिवस गेले नाहीत. शुक्रवारी गेले. वही आणि पेन घेऊन गेले.

सरुबाई तिथेच बसली होती. त्यांना पाहून तिने ना बसा म्हटलं ना जा. ते खुर्ची टाळून ओसरीच्या कडेवर बसले.

"किसना कसा होता, मावशी?"

ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

"काऊन?"

"मला माहीत नाही म्हणून."

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"लोकं इचारतात, मेला कसा," ती म्हणाली. "कसा व्हता हे कोनी नाई इचारलं."

"कसा होता?"

"जड."

दिवाकररावांनी लिहिलं. जड.

"मी आठ वर्सांची. भोंगा वाजला का माय कामावर जाय. मंग तो माह्या कमरेवर. दिवसभर. खाली ठेवला का रडे. चालता येत व्हतं त्याले, पन चालत नसे. कमरेले खड्डा पडला व्हता माह्या." ती थोडी हसली. "गोड खाल्लं का हात माह्याच केसाले पुसे. मुंगळ्यांले भेत व्हता. मले 'सऊ' म्हने. र येत नव्हता त्याले."

ते लिहीत गेले. र येत नव्हता. मुंगळ्यांना भीत असे. पेन चालत होतं आणि त्यांना बरं वाटत होतं. पाऊण पान झालं.

मग ती त्या दिवसावर आली.

किसना कसा गेला ते गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. जिनिंगमध्ये सरकी काढलेली रुई एका मोठ्या कोठीत पडायची. छतापर्यंत ढीग लागायचा. मजुरांची पोरं त्यात उड्या मारायची, कुणी पाहिलं की पळायची. एका दुपारी किसना त्यात गेला. रुई वरून बंद झाली. संध्याकाळी भोंग्यानंतर सापडला. चार वर्षांचा होता. आवाज कुणालाच आला नाही, कारण रुईत आवाज होत नाही.

एवढं सगळ्यांना माहीत होतं.

"तवा तो माह्यापाशी व्हता," सरुबाई म्हणाली. "म्हंजे माह्यापाशी असाले पायजे व्हता."

दिवाकररावांनी मान हलवली. पेन कागदावर टेकलेलं होतं.

"आता सांगते ते लिहू नका."

पेन तिथून हललं नाही.

"लिहू नका, सायेब."

त्यांनी पेनला टोपण लावलं. वही मिटली. नंतर वाटलं, ती मांडीवरही नको. त्यांनी ती उचलून आपल्या पाठीमागे ठेवली.

त्या दुपारी तिने काय सांगितलं ते इथे नाही. तिने ते आईला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. आई मरताना सरुबाई तिचा हात हातात घेऊन बसली होती, तेव्हा ते ओठांपर्यंत आलं होतं, पण तिने गिळलं. एवढंच दिवाकररावांनी पुढे कधी तरी सांगितलं. त्याहून एक शब्द जास्त नाही.

ओसरीवरचं ऊन पायरीवर उतरलं, पायरीवरून अंगणात गेलं. तेव्हा ती थांबली.

"गुरुजीले बी सांगू नका."

"नाही सांगणार."

"तुमी तं लिहिल्याबिगर ऱ्हात नाई म्हनतात."

"नाही लिहिणार."

"मरेपावतो."

"मरेपावतो."

तिने डोळे पुसले नाहीत. ते कोरडेच होते. दिवाकररावांनाच चष्मा काढावा लागला.

"मावशी, चेहरा आला का?"

तिने डोळे मिटून पाहिलं. खरंच पाहिलं. मग मान हलवली.

"नाई." तिने डाव्या कमरेवर हात ठेवला. "इथं लागून राह्यला. चेहरा नाई."

पौषात ती एकदा काटाघरात आली. रविवार होता. गुरुजींनी स्टूल पुढे केलं, ती बसली नाही. पाचव्या दोरीशी गेली. त्या पोराकडे उभ्यानेच पाहिलं.

"हा नाई तो," ती म्हणाली. गुरुजींना नव्हे, दिवाकररावांनाही नव्हे. मग जाता जाता म्हणाली, "पन याले इथंच टांगून ठेवा. याले बी कोनी शोधत असन."

दिवाकररावांनी तिला फाटकापर्यंत पोचवलं. उतारावर त्यांनी हात पुढे केला. तिने तो धरला. जिनिंगच्या भिंतीशी, जिथे पूर्वी ती कोठी होती, तिथे आता बाभळी माजल्या आहेत. तिथून जाताना तिने पाऊल थोडं भरभर टाकलं.

माघात ती गेली. झोपेतच गेली, असं सून म्हणाली.

पंधरा-वीस माणसं होती. दिवाकरराव मागे उभे राहिले. सुनेने त्यांना ओळखलं.

"तुमच्यापाशी लई बोलत व्हत्या त्या दिवशी," ती म्हणाली. "आमच्यापाशी नाई बोलल्या कधी. काय सांगत व्हत्या एवढं?"

"भावाचं."

"त्यायले भाऊ व्हता?"

कुणीतरी हाक मारली म्हणून सून निघून गेली.

पुढच्या रविवारी काटाघर नेहमीप्रमाणे उघडलं. दोऱ्या बांधल्या, फोटो टांगले. कापूस वेचून संपला होता, त्यामुळे माणसं बरीच आली. एका म्हाताऱ्याला त्याचा बैल सापडला, नावासकट. लोक हसले. दिवाकररावांनी बैलाचं नाव लिहिलं.

दुपारी सगळे गेल्यावर त्यांनी दुसरी वही काढली. फोटोंच्या नोंदीखेरीज लोकांनी सांगितलेल्या आठवणींची एक वही त्यांनी केली होती. तिच्यात रकाने होते. नाव. वय. तारीख. सांगितलेली हकीकत.

त्यांनी लिहिलं, सरुबाई वानखडे. लिहिलं, त्र्याऐंशी. लिहिली तारीख.

मग पेन हातात धरून ते बसून राहिले.

गुरुजी चिमटे गोळा करून डब्यात टाकत होते. त्यांचं ते काम संपलं. ते टेबलाशी आले, समोरच्या बाकावर टेकले. वहीकडे पाहिलं.

"पुढं लिहिलं नाहीस."

"नाही."

"पाऊण पान लिहून आणलं होतंस ना?"

"फाडलं ते. एवढंच लिहिलं तर ते अर्धं होईल. अर्धं म्हणजे..." दिवाकररावांना शब्द सापडला नाही. "आणि पूर्ण लिहिता येत नाही."

तिने काय सांगितलं ते गुरुजींनी विचारलं नाही. दिवाकररावांनी क्षणभर वाट पाहिली. त्यांनी विचारलं असतं तर फार बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. आणि न विचारल्याबद्दल गुरुजींच्या पाया पडावंसंही वाटलं.

"गुरुजी, चौतीस वर्षं मी पोरांना एकच शिकवलं. नोंद नाही, ते उरत नाही."

"हूं."

"आता हे मी कुठं ठेवू? रात्री जेवताना आठवतं. रस्त्यानं जाताना आठवतं. काल एक बाई कडेवर पोर घेऊन चालली होती, मी तिच्यामागून गेलो. कुठं चाललोय ते नंतर कळलं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "र येत नव्हता त्याला. हे मला का माहीत असावं? माझा कोण तो?"

गुरुजी बाहेर पाहत होते. फाटकाशी एक बकरी बाभळीला दोन पाय लावून उभी होती.

"तिच्या घरी कुणाला ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

"सुनेला भाऊ होता हेच माहीत नव्हतं."

"मजुरांच्या खोल्यांत?"

"जुनं कुणी उरलं नाही. मेला कसा ते एक-दोघं सांगतात. नाव चुकीचं सांगतात."

"म्हणजे सरुबाई होती तोवर एक माणूस त्याला ओळखत होतं."

"हो."

"आता?"

वही दिवाकररावांपुढे उघडी होती, रकाना कोरा होता. बराच वेळ ते त्या कोऱ्या रकान्याकडे पाहत राहिले. बासष्ट वर्षांचा माणूस शाळेतल्या पोरासारखा खांदे गोळा करून बसला होता.

"आता मी," ते म्हणाले.

गुरुजींनी त्यांच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट पाहिलं.

"मग तब्येतीला जप."